मात्रा डाव्या हाताला

सन दोन हजार बावीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि त्या वयात एका माणसाच्या चपला आमच्या दारात दिसल्या की मला घास गोड लागेना. माणूस काही परका नव्हता. नांदेडच्या आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो, तो पखवाज. तो मूळचा लातूरचा, पोराच्या नोकरीमागं इकडं आलेला. मी लोह्याकडचा, चौथीतून उठून कापसाच्या जिनिंगात कामाला लागलेला. तो सातवी. त्या तीन इयत्तांचा त्याला भारी रुबाब. "आमचं लातूर म्हंजे शिक्षणाचं गाव बरं का," हे तो चहा मागतानासुद्धा म्हणायचा.

झालं असं की मंडळानं भजनांची पुस्तिका छापायची ठरवली. अध्यक्ष म्हणाले, "टाईप करायचं काम आपल्यातल्याच कुणीतरी अंगावर घ्या. शेवटच्या पानावर छापू. अक्षरजुळणी, आणि त्याच्यापुढं नाव."

लग्नाच्या पत्रिका सोडल्या तर माझं नाव कुठं छापून आलं नव्हतं. मतदारयादीत आलं, ते भलतंच आलं. मी हात वर केला. माझा हात वर गेलेला बघून त्यानंही केला. आधी नाही, माझा बघून. हे मी आजही सांगतो.

अध्यक्ष हसले. "दोघंही शिका. महिन्यानं परीक्षा घेऊ. ज्याचा वेग जास्त, त्याचं नाव."

मला वाटलं, जिंकलो. घरात नातीचा लॅपटॉप होता. ती टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसणार होती, रोज सकाळी नेटवरच्या सरावाच्या साईटवर तिची बोटं पळायची. घरचं मशीन, घरची मास्तरीण, आणि माझी बोटं जन्मभर पेटीवर फिरलेली. लातूरवाल्याचा काय निभाव लागणार! पण माझ्या सख्ख्या नातीनं मला न विचारता त्याला सांगून टाकलं, "आजोबा, तुम्हीपण येत जा की. दोघं असले की मजा येते."

मजा त्याला आली.

साईटवर पडद्याच्या तळाला दोन हात काढलेले असतात. जे बोट वापरायचं ते रंगतं. नातीनं बटणांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावून दिल्या होत्या. पहिल्या दिवशी मी 'क' दाबला आणि पेटीवर सूर धरावा तसा धरून ठेवला. ककककक करत अख्खी ओळ भरली.

"आबा, सोडा! दाबायचं आन सोडायचं!" नात ओरडली.

"सूर लागू द्यावा लागतो," मी म्हणालो.

"सूर कुठला? कावळा बसलाय तिथं," पखवाजी म्हणाला, आणि नात तोंडावर ओढणी धरून हसली. माझ्यावर.

मग तो बसला. तो बटणावर थाप मारायचा. लॅपटॉप टेबलावर उडायचा, पण अक्षर बरोबर पडायचं. नात म्हणायची, "हळू, आजोबा." त्या 'हळू'मधलं कौतुक मला ऐकू यायचं. पेटीवाल्याचा कान आहे माझा. खुर्ची त्याला ठेंगणी पडते म्हणून तिनं स्वतःची उशी आणून दिली. मी त्याच खुर्चीत आठ दिवस बसत होतो. मला कुणी विचारलं होतं का?

आठवड्याभरात शब्द सुरू झाले आणि माझं घोडं अडलं. मराठीच्या बटणांत क, त, र, प ही अक्षरं उजव्या हाताला येतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळं डाव्या हाताला. मी 'पाणी' लिहायला जायचो, उमटायचं 'पण'. माझा स्वतःचा तालुका लोहा, तो 'लह' झाला. उजवा हात पुढं निघून जायचा, डावा बसलेला असायचा तिथंच. आणि बसल्या बसल्या हलायचा, मागं-पुढं, मागं-पुढं.

पखवाजीनंच ते हेरलं. "अरे, तुझा डावा हात भाता मारून राहिलाय! जन्मभर त्यानं हवाच भरली, त्याला लिहायचं कुणी सांगितलं?" मग आपल्या दोन्ही हातांची बोटं नाचवत म्हणाला, "आमचं बघ. मात्रा मोजण्यात माझा जन्म गेला."

खरं होतं. पखवाजाला दोन्ही हात लागतात. म्हणूनच ते मला जास्त झोंबलं. साईटवर त्याच्या धड्यापुढं हिरवे तारे पडायचे, मी ते चोरून बघायचो. तो घरी गेला की दुपारी एकटा सराव करायचो, तेव्हाही आधी त्याचा वेग उघडून बघायचो, मग माझा. बायको एकदा म्हणाली, "अवं, तुमची नजर त्याच्या बोटावर हाय. आपल्या बोटावर कधी यायची?"

"तू भाकरी बघ," मी म्हणालो.

परीक्षा मंडळाच्या खोलीत झाली. नातीनं घड्याळ लावलं. उतारा मराठवाड्याच्या हवामानावर होता. मी 'हवमन' लिहिलं. माझा वेग मिनिटाला नऊ शब्द, त्याचा बावीस. अध्यक्षांनी टाळी वाजवली, सगळ्यांनी वाजवली. मीही दोनदा वाजवली, तिसरी वाजली नाही. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "पेटीवाले, राग न्हाई ना?"

"कशाचा राग? मला काय कमी हाय?" मी म्हणालो. छाताडात आग लागली होती.

तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, "टाईप कुठं करणार? तुमच्याकडं तर कॉम्प्युटर न्हाई."

"ह्यांच्याच घरी," त्यानं माझ्याकडं बोट केलं. "पोरगी हाव म्हणलीय. उद्या सकाळपासूनच येतो."

म्हणजे माझ्या घरात, माझ्या नातीजवळ, उशीवर बसून तो स्वतःचं नाव छापायची सोय करणार, आणि चहा आम्ही द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीच्या आधी खुर्ची धरली. उशी काढून पलंगावर फेकली. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि साईटवर डाव्या हाताचा पहिला धडा उघडला. चपला वाजल्या. तो आत आला, मागं उभा राहिला.

"उठ की रे."

"बस तिकडं. माझा धडा चालू हाय."

त्यानं चष्मा पुसून पडद्यावर वाकून बघितलं. अक्षर नसलं की मात्रा ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली दिसते. तसे गोलच गोल, ओळीनं.

"हे काय लिहून राहिलास? यात एक अक्षर न्हाई."

"अक्षरं येतात मला," मी म्हणालो. "एवढंच राहिलंय."

बायकोनं त्याला चहा दिला. त्याचा चहा संपला, माझाही धडा संपला. मी तोच धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.