लहानूकाकांची सही

कौसल्याला आमच्या तात्यांच्या ऑफिसात मीच नेलं, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी बोट दाखवण्यापेक्षा आपणच कबूल केलेलं बरं.

१९८८ चा मे महिना. आम्ही दोघी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळ्या झालो होतो. सुट्टीत एखाद्या ऑफिसात दोन महिने हिशेबाचं काम शिका आणि तिथलं सर्टिफिकेट आणा, असं आमच्या सरांनी बजावलं होतं. माझा प्रश्न घरातच सुटला. माझे काका, तात्या, भिवंडीतल्या यंत्रमाग कारखानदारांची दफ्तरं लिहून द्यायचे. विक्रीकर, हजेरी, पगार, सगळं. कौसल्याला मात्र तीन ठिकाणी "बघू, कळवतो" असं ऐकायला मिळालं होतं. कळवतो म्हणजे नाही, हे तिला बरोबर समजत होतं. मी तात्यांच्या डोक्याशी भुणभुण लावली, तेव्हा ते म्हणाले, "आण बाई तिला. अक्षर चांगलं असलं म्हणजे झालं."

अक्षर तर असं की तात्या पहिल्याच दिवशी खूश. ती खाली मान घालून पानंच्या पानं लिहायची आणि मी पंख्याखालची खुर्ची अडवून तिची पानं मोजायची. कामाची वाटणी झाली होती म्हणा ना.

कौसल्या राहायची नारपोलीला. तिचे वडील, लहानूकाका, केसरीनाथशेठच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करून चालू करायचा, हे त्यांचं काम. मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढून कान गेलेले, त्यामुळे बोलणं म्हणजे ओरडणंच. "बरी हायेस ना, नीला?" एवढं विचारलं तरी शेजारणी दारात येऊन बघायच्या. आदल्या वर्षी कौसल्यानं त्यांना सही करायला शिकवली होती. तेव्हापासून हा माणूस सहीसाठी कागद शोधत फिरायचा. वाण्याची यादी म्हणू नका, कॅलेंडर म्हणू नका, माझ्या वहीचं मागचं पानसुद्धा सुटलं नाही. 'लहानू'मधला 'हा' जरा फुगायचा, पण सही झोकात होती.

"माजी पोरगी हापिसात मॅडम झाली!" ते गल्लीभर सांगायचे.

"बाबा, शिकाऊ आहे मी."

"आज शिकाऊ, उद्या मॅडम. काय गं नीला?"

तिसऱ्या आठवड्यात तात्यांनी तिच्यापुढे केसरीनाथशेठची हजेरीपुस्तकं ठेवली. एका छपराखाली चोवीस माग, पण कागदावर चार कारखाने: शेठचा, बायकोचा, भावाचा आणि सासूचा. सासूबाईंनी उभ्या जन्मात माग पाहिला नसेल, पण कारखाना लहान दिसला की मोठ्या कारखान्याचे कायदे लागत नाहीत. कामगारांचंही तसंच. आठ महिने झाले की नाव कापायचं आणि त्याच माणसाला दुसऱ्या नावानं नव्यानं लावून घ्यायचं. माणूस जुना झाला की कायद्यानं त्याचे हक्क लागू होतात, म्हणून कागदावर कुणाला जुनं होऊच द्यायचं नाही. नवं पुस्तक याच पद्धतीनं लिहून काढायचं होतं.

जुन्या पुस्तकांत कौसल्याला तिचे वडील सापडले. आठ महिने लहानू, पुढचे आठ महिने नामा, परत लहानू. नामा हे त्यांच्या थोरल्या भावाचं नाव. तो कधीच वारला होता.

ती सरळ तात्यांकडे गेली. "माझे बाबा तिथं माझ्या जन्माआधीपासून आहेत."

"असतील. कागदावर नाहीत," तात्या शांतपणे म्हणाले. "अगं, अख्ख्या गावाची रीत आहे ही. आपण दफ्तर लिहितो, कारखाना चालवत नाही."

तात्या दुष्ट नव्हते. नडलेल्यांची कामं फुकट करून द्यायचे. म्हणूनच त्यांचं ते वाक्य मला जास्त लागतं.

कौसल्याला झोप लागेना. दिवाळीनंतर तरुण जॉबर आणतो, असं शेठ बोलून गेला होता. लहानूकाकांना काढलं असतं, तर वीस वर्षांचे म्हणून जे काही मिळायला हवं होतं, त्यातली दमडीही मिळाली नसती. नवं पुस्तक लिहिताना तिनं वडिलांच्या ओळीत 'नामा' लिहिलंच नाही. 'लहानू' लिहिलं आणि रुजू झाल्याचं साल घातलं १९६८.

हे तिनं फक्त मला सांगितलं. "पुढच्या आठवड्यात लेबर इन्स्पेक्टर येणार आहेत. ते बघतीलच."

"वेडी आहेस का? सर्टिफिकेट घे आणि गप्प बस."

"त्या ओळीत तुझे बाबा असते तर?"

मला रागच आला. "माझ्या काकांनी तुला उभं केलं, त्याची ही फेड?" असं मी म्हणाले. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

इन्स्पेक्टर आले. केसरीनाथशेठही येऊन बसला. पान उलटता उलटता साहेबांचं बोट थांबलं. "बाकी सगळे आठ महिन्यांच्या आतले आणि हा एकटाच वीस वर्षांचा?"

तात्या घाईघाईनं पुढे झाले. "शिकाऊ मुलगी आहे साहेब, चुकली."

"चुकली की नाही, माणसालाच विचारू. बोलवा त्याला."

कारखाना खालीच होता. शेठ स्वतः उठला. कौसल्यानं टेबलाखाली माझा हात दाबला. "बाबा कुणाला घाबरत नाहीत," ती पुटपुटली. तिचा चेहरा इतका आनंदी मी आधी कधी पाहिला नव्हता.

मी चहा सांगायला जिन्यात गेले. मधल्या वळणावर शेठनं लहानूकाकांना गाठलं होतं. त्यांना ऐकू यावं म्हणून तो कानाशी ओरडत होता, आणि खालच्या मागांच्या आवाजात ते वर कुणाला कळणार नव्हतं. "तुझ्या पोरीनं सरकारी वहीत खोटं लिवलंय! जेल व्हईल तिला! तू नामा हायेस, होळीला लागलास. सही येत न्हाय तुला. आनि ती पोरगी तुजी कोन न्हाय!"

लहानूकाका हळू बोलले. मी त्यांना हळू बोलताना ऐकलं ते तेवढंच. "पोरीला काय व्हनार न्हाय ना, शेठ?"

शिकाऊ पोरीला असं कुणी जेलमध्ये घालत नाही, एवढं मला कळत होतं. दोन पायऱ्या उतरून सांगायचं होतं फक्त. पण ऑफिस तात्यांचं, आणि मी तात्यांची पुतणी. मी चहा सांगून आले.

लहानूकाका आत आले, केसांत कापसाची पिंज तशीच. साहेबांनी नाव विचारलं.

"नामा," ते ओरडले.

"कधीपासून आहात?"

"होळीपासून, साहेब."

"सही येते?"

"न्हाय. अंगठा." मग कौसल्याकडे न बघता म्हणाले, "पॅड द्या, मॅडम."

तिनं पॅड पुढे केलं. त्यांचा अंगठा अगदी स्थिर होता.

ती ओळ कौसल्यालाच नव्यानं लिहावी लागली. तात्यांनी सर्टिफिकेटवर 'प्रामाणिक आणि मेहनती' असा शेरा दिला. दिवाळीनंतर लहानूकाकांचं काम सुटलं, रिकाम्या हातानं. बाप शेठला घाबरला, एवढंच कौसल्या धरून बसली. ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. मी तिला जिन्यातलं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत सात वर्षं काढली.

१९९५ साली ती पतपेढीत नोकरीला होती. वडिलांचं खातं उघडायचं म्हणून फॉर्म घरी घेऊन आली, तेव्हा मी तिथंच बसले होते. तिनं पेन पुढे केलं, लहानूकाकांनी अंगठा पुढे केला.

"बाबा, सही करा ना. येते तुम्हाला."

"न्हाय, न्हाय!" ते ओरडले. "सरकारी वहीत अंगठा हाय माजा. आता सही केली तर तुला धरतील."

"मला? मला कोण धरेल? कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं; त्या दिवशी जिन्यात मला त्यांनीही पाहिलं होतं. मग कौसल्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली.