उडी उशिरा लागते

माझा धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात, कुणी कधी ढुंकूनही न पाहिलेल्या जुन्या व्हिडिओ गेम्सना नावं ठेवतो. पिवळं पडलेलं कन्सोल, कपाटभर कॅसेट आणि एक जाड वही. कुठल्या गेममध्ये शिडी चढताना माणूस अडकतो, कुठे पडद्याबाहेरून गोळी येऊन आदळते, सगळं वहीत. माणसांतही अशाच खोटी काढत बसलास म्हणून घरात भावजय नाही, असं मी त्याला चिडवायचे.

गेले तीन महिने चिडवायचा धीर होत नाही. वहीत एकच शेरा येतो आहे: 'बटण दाबल्यावर उडी उशिरा लागते.' सलग अकरा गेम्सना. आणि सकाळी शर्टाची बटणं लावायलाही त्याला फार वेळ लागतो, हे मला स्वयंपाकघरातून दिसतं. त्याच्या उजव्या हातावर त्याचं दुकान चालतं.

रविवारी दुपारी त्याने दीपस्तंभ चढणाऱ्या बेडकाचा गेम लावला. पहिल्याच खड्ड्यात बेडूक पडला. परत पडला.

"कंट्रोलर गेलाय," तो म्हणाला.

"मग बदल ना."

"हा तिसरा आहे." माझ्याकडे न बघताच त्याने तो पुढे केला. "ताई, तू खेळ जरा."

मला यातलं ओ की ठो कळत नाही. त्यातून दोष कंट्रोलरवरच जावा म्हणून मी मुद्दाम पडायचंच ठरवलं होतं. बटण दाबायचंच नाही. पण खड्डा आला आणि अंगठ्याने मला न विचारताच ते दाबलं. बेडूक टुणकन पलीकडे. मला स्वतःच्या अंगठ्याचा असा राग कधी आला नव्हता.

त्याने वहीची जुनी पानं उलटली. नऊ वर्षांपूर्वी टपोऱ्या अक्षरात याच गेमबद्दल लिहिलं होतं: 'कंट्रोल अचूक. पडलात तर चूक तुमची.'

मग पेन घेऊन त्याने अकराही शेरे एकेक करून खोडले. "बिचाऱ्यांना उगाच बोल लावला," तो म्हणाला. खाली त्याने लिहिलं, 'दोष खेळणाऱ्याचा.' अक्षर मुंगीएवढं झालं होतं. मला रडू आवरेना.

"उद्या दवाखान्यात येशील ना गं माझ्याबरोबर?" त्याने विचारलं.

शाळेच्या पहिल्या दिवसानंतर त्याने मला कुठेच सोबत बोलावलं नव्हतं.