पूर्ण की पट्टी?

“म्हणजे आता तुळतुळीत गोटा करून घेणार तू?”

“घेणार म्हटलं का मी? विचार करतोय म्हटलं.”

“कधीपासून विचारच चाललाय तुझा. एवढ्यात नवे उगवले असते!”

“आपोआप उगवणार असते, तर विचार कशाला केला असता, ताई?”

ताईने त्याच्या हातातला ओला टॉवेल ओढून घेतला आणि खिडकीतल्या दोरीवर झटकून टाकला. ती दोन दिवसांसाठी आली होती आणि धाकट्या भावाचं डोकं हा विषय तिने पहिल्या चहालाच काढला होता. तो नुकताच न्हाऊन आला होता. डाव्या कानावर वर्षानुवर्षं वाढवलेली बट एरवी टाळूवरून पलीकडे नेऊन, तेल लावून चापूनचोपून बसवलेली असायची. आत्ता ती ओल्या नाडीसारखी खांद्यावर लोंबत होती. या अवतारात त्याला बघितलेलं माणूस जगात एकच होतं, आणि ते समोर कमरेवर हात ठेवून उभं होतं.

“डॉक्टर म्हणाले, अख्खं डोकं भादरलं तर मागचे केस काढून टकलावर लावायचं सगळं काम एका बैठकीत होईल. नाहीतर मागे नुसती एक पट्टी भादरायची आणि वरचे केस तिच्यावर सोडायचे. कुणाला पत्ता लागत नाही. पण पट्टीतून निघतील तेवढे केस पुढे कपाळावरच संपतात. टाळूपर्यंत पोचत नाहीत.”

“मग पुढचे लावून घे! लोक पुढचेच तर मागतात.”

“लोक बुटांच्या दुकानात नसतात, ताई.”

हे मात्र खरं होतं. भर तारुण्यात तो त्या दुकानातल्या बुटक्या स्टुलावर बसला, तो अजून तिथेच होता. गिऱ्हाईक खुर्चीत बसणार, पाय पुढे करणार, हा खाली वाकून नाडी सैल करणार. त्यामुळे लोक बोलायचे ते त्याच्या टाळूशी. “अंगठ्याला लागतोय हो,” टाळूला सांगायचे. “घरच्यांना दाखवून मग घेतो,” तेही टाळूलाच. पाय बघितला की नंबर सांगतो म्हणून सगळे त्याला नंबरकाका म्हणत. तोही माणसं पायांनीच लक्षात ठेवायचा. चेहरे वर कुठेतरी असायचे, ढगात.

त्यात एक शिक्षिका होत्या. शाळा सुरू व्हायच्या आधी हमखास यायच्या. त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा जरा मोठा, म्हणून हा डाव्या बुटात न सांगता एक पातळ तळवा सरकवून द्यायचा. त्या बोलत राहायच्या – आईचं दुखणं, वर्गातली वांड पोरं, गळकं छत – आणि हा त्यांच्या घोट्याकडे बघत “हो का”, “अरेरे” म्हणायचा. वर्षातली ती अर्धी दुपार त्याला पुढे पुष्कळ दिवस पुरायची.

परवा त्या बँकेच्या रांगेत दिसल्या. याने चालीवरून ओळखलं. नुसतंच ओळखलं नाही, तर धीर करून “नमस्कार” म्हणाला. बाईंनी सभ्यपणे बघितलं. “आपण?”

दुकानाचं नाव सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण हा गडबडला आणि सवयीने थेट खाली वाकला. “टाच झिजलीय तुमची,” त्यांच्या बुटांना म्हणाला.

तशी वरून किंकाळीच आली. “अगंबाई! नंबरकाका! वाकलात तेव्हा ओळखलं बघा!”

रांग हसली. तोही हसला. संध्याकाळी त्याने केसांच्या दवाखान्याला फोन लावला.

ताईला हे सांगितलं, तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

“मग कर ना पूर्ण गोटा! महिनाभर टोपी घाल.”

“स्टुलावर वाकलो की टोपी गिऱ्हाइकाच्या मांडीत. आणि खाली खपल्यांचं डोकं. बूट राहतील बाजूला, बायामाणसं पळून जातील.”

“तर मग रजा घे आणि बस घरात! इथे आहे कोण तुला बघायला?”

बोलून गेली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. खोलीत खुर्च्या दोन होत्या. एक त्याची, आणि दुसरीवर बसायला जागा नाही इतकी रद्दी साठली होती. ताई आल्यापासून पलंगावरच बसत होती.

“तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“मी कुठे काय बोललो?”

“मी थांबते ना. आठवडाभर थांबते हवं तर.”

“तुझी नातवंडं जीव खातील तिकडे सुनेचा. जा तू.”

फोन वाजला. दवाखान्यातली मुलगी होती. त्याचा फोन कानाला लावून ऐकू यायचा नाही, म्हणून स्पीकर कायम चालूच असायचा.

“सर, उद्याचं नक्की करायचं होतं. पूर्ण की पट्टी?”

तो खिडकीकडे वळला. “पूर्ण केलं तर... म्हणजे, कितीसं दिसतं ते?”

“आधी खपल्या असतात, सर. मग बारीक केस येतात. तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका.” पोरगी गोड होती, आवाजात खरीखुरी माया होती. “तोवर घरातच आराम करायचा. कुण्णी बघणार नाही तुम्हाला.”

इतकी वर्षं सकाळी आरशासमोर एवढ्याचसाठी तो खपत आला होता. आता कुणीतरी ते छातीठोकपणे कबूल करत होतं, तर त्याला फोन धरवेना. त्याने तो ताईच्या हातात दिला.

“अरे, मला काय देतोस? काय सांगू हिला?”

त्याने कोपऱ्यातल्या चपला पायाने ओढल्या आणि दाराची कडी काढली. बटेचं पाणी सदऱ्याच्या खांद्यावर टिपकत होतं.

“धाकट्या! केस तरी बसव! असा कुठे निघालास?”

“हॅलो? सर?” फोन विचारत होता. “पूर्ण की पट्टी?”

“अरे, ती विचारतेय! धाकट्या!”

जिन्यात खालच्या मजल्यावरचं जोडपं भाजीच्या पिशव्या घेऊन वर येत होतं. दोघंही थबकली आणि टक लावून बघत राहिली. त्याने हात वर नेला नाही की तोंड फिरवलं नाही. त्यांच्या मधून वाट काढत, दोघांच्याही डोळ्यांत बघत, तो खाली उतरून गेला.