शेवट पुढच्या रविवारी

आमच्या लातुरात डॉक्टर घडवणारे क्लास गल्लोगल्ली; गोष्ट लिहायला शिकवणारा एकही नाही. म्हणून दर रविवारी सकाळची एसटी धरून मी नांदेडला जायचे. तिथं एका बेकरीच्या माडीवर निवृत्त प्राध्यापक असलेले आमचे सर कथा आणि कविता शिकवायचे. आम्ही सातआठ जण खालून येणारा पावाचा वास घेत बसायचो.

सरांचा नियम एकच. गोष्ट वाचून झाली की लिहिणाऱ्यानं तोंडाला कुलूप लावायचं, आणि खरं की खोटं हे कुणी विचारायचं नाही. आमच्याकडं दुसऱ्याच्या घरात डोकावायची लोकांना भारी हौस. त्यामुळं नियम मला पटायचा.

भोकरची एक अंगणवाडीची बाई यायची. खाली मान घालून वाचायची. तिच्या कथेत एक बायको होती आणि फुटक्या सायलेन्सरच्या मोटारसायकलवरून फिरणारा तिचा नवरा. पहिल्या भागात त्यानं खोलीची आतली कडी काढून टाकली. आम्ही म्हणालो, सुरुवात झकास. दुसऱ्या भागात बायकोचं माहेर तोडलं. सर खूश. "भीती अशी एकेक पायरी चढली पाहिजे," म्हणाले. एकाला मात्र नवरा पटेना. इतकं वाईट कुणी असतं का, म्हणाला. ती मान हलवून सगळं लिहून घ्यायची.

तिसऱ्या भागात नवऱ्यानं बायकोचा फोन विहिरीत फेकला. चर्चा रंगली. शेवटी सर म्हणाले, "हा भाग आपल्या ग्रुपवर टाका."

"फोन न्हाई, सर."

मी वहीतून मान वर काढून तिच्याकडं पाहिलं. सर आपले बोलतच होते. "आता लांबवू नका. पुढच्या रविवारी शेवट घेऊन या."

मला असा संताप आला! "हे खरं आहे का हो?" मी सगळ्यांसमोर तिला विचारलं.

"नियम!" सर कडाडले.

तिनं नियम पाळला. वही मिटून पिशवीत घातली.

जिन्यात मी तिचा हात धरून पुन्हा विचारलं.

"हाव, ताई," ती म्हणाली. "आता त्यानं फवारणीचं औषध आणून चुलीपाशी ठेवलंय. ते म्या लिवलं न्हाई. सर म्हनले असते, लई उघड होतंय."

बसस्टँडवर भोकरची गाडी लागलेली होती. ती सवयीनं तिकडंच वळली. मी तिला ओढत लातूरच्या गाडीत बसवलं आणि अंगावरच्या साडीनिशी घरी आणलं. मी एकटीच राहते, कुणाला विचारायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो, तेव्हा सरांचा फोन आला.

"अहो, तिचे मिस्टर सकाळी आले होते. फार सज्जन माणूस. काळजीनं डोळ्यांत पाणी होतं बिचाऱ्याच्या. तुम्ही दोघी बरोबर गेलात ना, म्हणून तुमचा पत्ता दिला मी."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी फटफट ऐकू आली. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"ताई, तुमच्या दाराला आतून कडी हाय न्हवं?"

होती. मी ती लावली आणि पोलिसांना फोन लावला. पलीकडं नुसतीच घंटी वाजत होती. मोटारसायकल दारासमोर येऊन बंद झाली.