अम् जिलानींच्या वाट्याचा समुद्र

आमच्या बेटावर जमिनीपेक्षा पाण्याच्या वाटण्या जास्त. कुणाच्या पणज्याला कुठपासून कुठपर्यंतचा समुद्र मिळाला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मी समुद्रापलीकडच्या स्फाक्स शहरातली. लग्न होऊन इथे करकेना बेटावर आले तेव्हा सासूनं खिडकीतून लाटांकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ते जिलानीचं." मला वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय. पुढे कळलं की भ्रम मलाच होता.

जिलानी आमचे शेजारी. सगळं गाव त्यांना अम् म्हणायचं, म्हणजे काका. त्यांची बायको सालहा माझ्याहून बरीच मोठी, पण आमचं मेतकूट असं जमलं की मी तिला एकेरीच हाक मारायची. तरुणपणी शिडाचं लाकूड फिरून जिलानींच्या तोंडावर बसलं आणि त्यांना वास येईनासा झाला तो कायमचा. जिभेला खारट-तिखट तेवढं कळे. नाकानं कांदे सोलणारे गावात पुष्कळ. यांच्या नाकाखाली सोललेला कांदा धरला तरी पत्ता लागत नसे. कट्ट्यावरचे लोक त्यावरून थट्टा करायचे आणि तेही हसायचे. "बरंय की," ते म्हणत, "तुमच्यात बसता तरी येतं."

आपल्या वाट्याच्या पाण्यात ते शर्फिया लावायचे. शर्फिया म्हणजे पाण्यातलं कुंपण. खजुरीच्या झावळ्या एकीला एक लावून वाळूत रोवायच्या. ओहोटीबरोबर मासा त्या कुंपणाच्या कडेकडेनं जातो आणि शेवटच्या खणात ठेवलेल्या टोपलीत अडकतो. उन्हाळ्यात सगळं उपटायचं, म्हणजे माशांना अंडी घालायला मोकळीक मिळते. उन्हाळा सरला की पुन्हा रोवायचं. त्यांच्या हातात आता विकण्याएवढी मासळी येत नव्हती. घरापुरती आणि शेजाऱ्यांपुरती यायची, आणि तेवढ्यावर ते राजे होते.

मग एका मार्चमध्ये तेल आलं. समुद्राखालून गेलेला एका कंपनीचा नळ फुटला. होड्यावाले होड्या घेऊन दुसरीकडे गेले. शर्फिया कुठे जाणार? मासे गोळा करायला घातलेलं कुंपण, त्यानं इमानेइतबारे तेलही गोळा केलं. शेवटच्या खणात काळं, जाड काहीतरी हलत होतं आणि जिलानी त्यात कमरेएवढे उभे राहून झावळ्या उपटत होते. सालहा किनाऱ्यावरून ओरडत होती आणि त्यांना ऐकूच येत नव्हतं. नंतर पांढरे कपडे घातलेले लोक आले, काळी वाळू पिशव्यांत भरून घेऊन गेले आणि आता सगळं स्वच्छ आहे असं सांगून गेले. सांगायला काय जातं? मला आजही त्या लोकांचा राग येतो.

त्यानंतर जिलानींनी अंथरूण धरलं. आजार म्हणावा तर आजार नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. सालहा चमच्यानं जवाची पेज भरवायची, ती अर्धी दाढीवरून ओघळायची. मला वाटलं, हा माणूस काही उन्हाळा काढत नाही.

पण झावळ्या रोवायचे दिवस आले तसे ते उठले. दाढी केली आणि कट्ट्यावर जाऊन सांगितलं की मी रोवणार. आमच्या बाजूला त्या वर्षी कुणीच रोवत नव्हतं.

"अम्, यंदा राहू द्या," मन्सूर म्हणाला. त्याचं पाणी जिलानींच्या पाण्याला लागून.

"तुझ्याकडे इंजिनाची होडी आहे, बाबा. तू जाशील खोल पाण्यात. मी काय कॉफीच्या कपात टोपली लावू?"

"आणि वाळूत तेल राहिलं असेल तर?"

"माशात तेल निघालं तर त्याच दिवशी सगळं उपटीन. पुन्हा म्हणून रोवायचा नाही. सगळ्यांसमोर सांगतो."

ते बोलले आणि तिथेच सगळ्यांची तोंडं बांधली गेली. वाटेवरून ऐकतानाच मला कळलं, आता माशात तेल आहे असं त्यांना कुणी सांगणार नाही.

पहिल्या दिवसाची मासळी आमच्याकडे कुणी घरी ठेवत नाही. ती ताटात घालून शेजारी वाटायची. कुणी ती नाकारत नाही. नाकारली तर देणाऱ्याचं पाणी रुसतं म्हणतात. आणि ताट परत पाठवायचं ते रिकामं नाही, त्यात अंडी, खजूर, काहीतरी घालून. जिलानी स्वतः ताट घेऊन माझ्या दारात आले. दोन बोय होत्या, चांगल्या भरलेल्या, डोळे लख्ख.

"घे, फतहिया. बरा झाला बघ समुद्र."

मी तव्यावर टाकल्या आणि घरभर वास सुटला, मेकॅनिकच्या हात पुसायच्या फडक्याचा. लसूण घातला, जिरं घातलं, लिंबू पिळलं. वास हटेना. शेवटी मांजराला घातल्या. मांजर आलं, हुंगलं आणि भिंतीवर जाऊन बसलं.

मी ताटात अंडी ठेवली. मन्सूरच्या बायकोनं खजूर घातले. सगळ्या घरांतून एकच निरोप गेला, "अम्, काय मासा होता!" जिलानी गल्लीतून छाती काढून फिरू लागले.

मला राहवेना. ते पाण्यात गेलेले बघून मी सालहाकडे गेले.

"तुला तर नाक आहे ना? सांगत का नाहीस त्यांना?"

ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगते. मग ते परत भिंतीकडे तोंड करतील. तू येशील पेज भरवायला?"

"आणि तू रोज ते खातेस?"

"खाते."

"विष आहे ते, सालहा."

"असेल. माझा माणूस सकाळी शिटी वाजवत उठतो. तू गप्प बस, फतहिया. तुला तुझ्या मुलांची शपथ."

शपथ घातल्यावर माझी जीभ कशी चालणार? मी घरी आले आणि दिवसभर भांडी आपटत राहिले. थंडी सुरू झाली आणि सालहाचा चेहरा ओढल्यासारखा दिसू लागला. पोट दुखतं म्हणायची, आणि वर म्हणायची, वय झालं.

मग त्यांची मुलगी सिहेम स्फाक्सहून आली, पोटुशी, सातवा महिना लागलेला. जिलानींना काय करू नि काय नको असं झालं. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा मासा त्यांनी सालहाच्या हातात दिलाच नाही, अंगणात स्वतः निखाऱ्यावर भाजला. मी भाकरी द्यायला गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. सिहेमनं ओढणी नाकाला लावली होती. ती आईकडे बघत होती. जिलानींनी काटे काढून घास केला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. "बिस्मिल्ला म्हण. हा तुझा नाही, आतल्याचा आहे."

सालहानं त्यांच्या हातावर फटका मारला. घास खाली पडला.

"त्या बाळाला नको," ती म्हणाली. "जिलानी, माशाला तेलाचा वास येतो."

जिलानींनी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी पडलेला घास उचलला आणि नाकाशी धरला. कितीतरी वेळ धरून राहिले. छाती भरभरून श्वास घेत होते, पुन्हा पुन्हा. मला ते बघवेना. मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्यांनी सगळ्या झावळ्या उपटल्या. भर हंगामात कुणी असं उपटत नाही. किनाऱ्यावर माणसं होती, पण मदतीला एकही पुढे झाला नाही; कुठल्या तोंडानं होणार? मग ओल्या कपड्यांनीच ते घरोघर फिरले, माफी मागायला. मी तुम्हाला घाण खायला घातली, म्हणाले. आणि आमचे लोक बघा, तेव्हाही प्रत्येक दारात तेच उत्तर. "काहीतरीच काय, अम्? झकास होता मासा." मन्सूर तर म्हणाला, अजून चव तोंडात आहे.

शेवटी ते माझ्या दारात आले.

"तुझी जीभ तिखट, म्हणून तुझ्याकडे शेवटी आलो. निदान तू तरी खरं सांग."

"वास येत होता, अम्," मी म्हणाले. "मांजरानंही तोंड लावलं नाही."

"खाल्ला कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"म्हणजे फक्त तिनं." ते माझ्या पायरीवर बसले. कपड्यांतून पाणी गळत होतं. "रोज माझ्या ताटातला अर्धा मासा ती ओढून घ्यायची, फतहिया. बसल्याबरोबर, मी हात लावायच्या आत. म्हातारपणी हावरट झालीस, म्हणून मी हसायचो. तीही हसायची, आणि खायची."