स्कोर रोज तेवढाच

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसालच तुम्ही, पण निदान चहाचा घोट गिळून मग हसा. सोफ्याची कव्हरं कालच धुतली आहेत.

तर झालं असं, की वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी व्हिडिओ गेम खेळायला शिकले. शिकले असं मला वाटलं. सगळा घोळ त्या 'वाटलं'मध्ये आहे.

आधी आमच्या दादाबद्दल सांगायला हवं. माझा सख्खा मोठा भाऊ, दहिसरला राहतो. गेल्या वर्षी वहिनी गेली आणि दादा बोलायचाच थांबला. भांडण नाही, तंटा नाही. फोन केला की 'हं'. जेवलास का? 'हं'. गुडघा कसा आहे? 'ठीक. ठेवतो.' मुलुंडहून डबा घेऊन गेले की डबा घ्यायचा, आधीचा धुतलेला परत द्यायचा. आमच्याकडे ये म्हटलं की 'बघू'. आता आम्हा कोकणातल्या माणसांचं 'बघू' म्हणजे काय, हे का मी तुम्हाला सांगायला हवं? फार जीव तुटायचा हो माझा. लग्नाच्या पंगतीत एकट्याने चाळीस माणसं हसवणारा माणूस तो.

मग माझ्या मुलीने बंगळुरूहून मामासाठी एक वस्तू पाठवली. ऐंशीच्या दशकातलं व्हिडिओ गेमचं मशीन, पण अगदी मिक्सरएवढं. वर स्क्रीन, खाली एक दांडी, दोन पिवळी बटणं आणि मधोमध एक मोठं लाल बटण.

आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो तेव्हा स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये अशी मोठी मशिनं होती आणि दादा तिथे पडीक असायचा. जेवायची वेळ झाली की आई मला बोलवायला पिटाळायची. मुलींनी आत जायचं नाही, मग मी दारातूनच हाका मारायची. मला काय दिसायचं, तर दादाची पाठ. पलीकडे नक्की काय चालतं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी ठरवलं, हे मशीन दादाकडे असं पाठवायचं नाही. पाठवलं तर खोक्यासकट माळ्यावर जाईल. आपण आधी शिकायचं, तयार व्हायचं आणि मग त्याला चिडवायचं. भाऊ प्रेमाने बोलावला तर येत नाही हो, चिडवला की येतो.

नवीन वस्तू घरात आली की आधी काय करतो आपण? हळदकुंकू! फ्रिजला केलं, स्कूटरला केलं, ह्यांच्या बीपीच्या मशीनलासुद्धा केलं. इथेही केलं. लाल बटण बरोबर कपाळाच्या जागी होतं, म्हणून बोट पाण्यात बुडवून तिथेच लावलं, वर अक्षता टाकल्या, नमस्कार केला आणि प्लग लावला.

आणि काय सांगू, पहिल्या झटक्यात मला जमलं! आकाशातून रांगेने किडे उतरतात आणि खालून आपलं विमान त्यांना गोळ्या घालतं. मी दांडी हलवतेय, बटणं बडवतेय आणि किडे पटापट मरतायत. कधी कधी मी डावीकडे ढकलायची नि विमान जायचं उजवीकडे. पण डावं-उजवं माझं आधीपासूनच कच्चं आहे. स्कूटर शिकवताना ह्यांनी दोनदा हात टेकले होते, त्यामुळे त्यात मला काही विशेष वाटलं नाही. खाली इंग्रजीत काहीतरी लुकलुकत होतं. बातम्यांच्या खाली पट्टी पळते ती कोणी वाचतं का?

हे पेपर खाली ठेवून बघतच राहिले. म्हणाले, अगं, तुझ्यात हे होतं तर इतकी वर्षं कुठे होतं? मीही मनात म्हटलं, होतं रे बाबा, दाराबाहेर उभं होतं.

मग रोज दुपारी माझी प्रॅक्टिस. गंमत म्हणजे स्कोर रोज तेवढाच यायचा. अगदी आकड्याला आकडा. मी ह्यांना म्हटलं, याला सातत्य म्हणतात. एकदा हे स्वतः खेळायला बसले, तर त्यांचाही स्कोर तेवढाच! मग मी काय समजावं? अहो, मीच शेजारी बसून शिकवत होते ना, माझाच येणार.

तयारी झाली तसा दादाला फोन लावला. म्हटलं, पार्लरमधले तुझे पराक्रम पुष्कळ ऐकले, आता मी तुला हरवू शकते. मला वाटलं, आता 'ठेवतो' येणार. पण दादा म्हणाला, "किडे उतरतात तो गेम?" वर्षभरातलं त्याचं ते पहिलं पूर्ण वाक्य. फोन ठेवला आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. ह्यांना सांगितलं, कांदा चिरतेय.

रविवारी दादा आला. शर्ट सैल झालेला, दाढी वाढलेली. वालाचं बिरडं केलं होतं, ते जेवला, पण बोलला काही नाही. मला धाकधूक. आज हा असाच उठून गेला तर पुन्हा येणार नाही, हे मला कळत होतं. म्हणून हात धुतल्या धुतल्या त्याला मशीनसमोर आणलं आणि मी खेळायला बसले.

काय खेळले हो मी त्या दिवशी! दादा मागे उभा. मी खेळता खेळता त्याला समजावतेय, बघ हं, आता डावीकडून तीन येतील, आता एक तिरका येईल. आणि येतच होते! मला सगळं पाठ झालं होतं. हे कोपऱ्यातून अभिमानाने मान डोलावतायत.

मग मागून दादाचा आवाज आला, अगदी हळू. "नंदे, हात काढ."

"अरे मरेल ना ते!"

"काढ तर."

मी हात काढले. विमान डावीकडे गेलं. तीन किडे मारले. मग तो तिरका, तोही मारला. दोन्ही हात मांडीवर ठेवून मी बघतेय आणि माझं विमान माझ्यावाचून, माझ्याहून बरं लढतंय. शेवटी फुटलं. स्कोर तेवढाच.

मशीन आपली जाहिरात दाखवत होतं हो! कोणी खेळत नसलं की ते आपलं आपण खेळून दाखवतं. आणि मी त्याच्यापुढे बसून आठवडाभर दांडी हलवत होते.

मागून कसलातरी आवाज यायला लागला. मला वाटलं, दादा रडतोय. वळून पाहिलं तर भिंतीला टेकून, पोट धरून हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते कुठलं होतं, ते मी विचारलं नाही. माझाही ताबा सुटला.

मग त्याने माझ्या केसांतली पिन मागून घेतली आणि लाल बटणाच्या फटीत घातली. ते सुरू करायचं बटण होतं. आतून कुंकवाने लाल झालेला एक तांदूळ बाहेर आला, मग दुसरा. दादाने तळहातावर ठेवून बघितले. "ह्येचा लगीन लावलंस काय गो?"

आईसारखं, अगदी आईच्या सुरात म्हणाला.

बटण दाबलं आणि खरा गेम सुरू झाला. मी तीन वेळा मेले. तीनही वेळा मिळून जेवढा वेळ लागला, तेवढ्यात चहासुद्धा उकळत नाही. मग दादा बसला. खेळता खेळता, स्क्रीनवरची नजर न काढता, बोलायला लागला.

"तुझ्या वहिनीनेपण असंच केलं होतं. लग्न ठरल्यावर तिला पार्लरमध्ये घेऊन गेलो होतो. मी नाणी सुटी करून आणेपर्यंत ही सुरू झालेली. नुसती दांडी हलवत होती. मला म्हणते, बघा, जिंकले."

मला एकदम आठवलं. वहिनी दर हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना सांगायची, पहिल्याच दिवशी मी ह्यांच्या गेममध्ये जिंकले होते. आणि दादा तिथे असला तर मान हलवून 'हो हो' करायचा.

"तू तिला कधी सांगितलंच नाहीस?"

"नाही."

एवढ्या वर्षांत एकदाही नाही! माझा ऊर भरून आला. पण मग मनात आलं, हे बरं आहे. "मग मला का सांगितलंस?"

दादाने पहिल्यांदा स्क्रीनवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. त्यात त्याचं विमान फुटलं. "ती बायको होती. तू काय, बहीण."

आता दर रविवारी येतो तो. परवा तर त्याने स्वतःहून फोन केला. म्हटलं, ये, मी मशीन लावून ठेवते. म्हणाला, "लाव. पण मी येईपर्यंत स्टार्ट दाबू नको. उगाच मरशील."