मेलेले धुऱ्यावरून चालत नाहीत

त्या पावसाळ्यात मेलेली माणसे उठून चालू लागली, ही बातमी आमच्या गावात आरमोरीच्या बाजारातून मिठाबरोबर आली. वैनगंगेपलीकडे पटकीची साथ होती, एवढेच खरे. बाकीचे वाटेत वाढले. पटकीने गेलेले उठतात, हात पुढे करून गावोगाव फिरतात आणि ज्याला शिवतात तो त्यांच्यातला होतो, असे सगळे सांगत. मी नुकतीच लग्न होऊन आले होते आणि सासूच्या मते माझी जीभ हातभर लांब होती. पण त्या संध्याकाळी मीही दाराची कडी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली.

पुरुषांना मात्र हुरूप चढला. चिंचेखाली बसून ते मेलेल्यांच्या वाटा आखू लागले.

"नदीले पूर आहे. येतीन कसे?" सासरे म्हणाले.

"उन्हाळा असता तर रेतीतून सरळ आले असते," शेजारचे भाऊ म्हणाले.

"आपल्या उन्हात? दुपारपर्यंत सडून जातीन!"

"जिवतीच्या पहाडाकडचं काही खरं नाई. तिथी ना नदी, ना चिखल."

आमच्या गावाभोवती धानाची खाचरे होती, त्यांना आम्ही बांध्या म्हणतो; मधे पाऊलभर रुंद मातीचे धुरे आणि आत गुडघाभर चिखल. त्यातून जिवंत माणसाचा पाय निघत नाही, तर मेलेल्याचा कुठून निघणार? पूर्वेला जंगल, त्यात वाघ. वाघ मेलेलं खातो की नाही यावरून दोन सख्ख्या भावांचे भांडण झाले आणि बोलणेच बंद झाले. खायचे काय, हे कोणी विचारले नाही. ते आम्ही बायकांनी पाहिले. कणगीसारख्या ढोलीत धान होते, मोहफुले वाळवून ठेवली होती आणि परसातल्या बांबूला कोवळे कोंब फुटले होते.

साथ आली की गाव बांधायची रीत होती. गावचा पुजारी, त्याला भुमक म्हणत, शिवेवर खुंट्या ठोकून सूत बांधायचा. ते सुटेपर्यंत बाहेरच्याने आत यायचे नाही आणि बाहेर गेलेल्याने परतायचे नाही. त्याने सूत बांधले आणि माझ्या सासूच्या तोंडचे पाणी पळाले. नणंदेचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण. कुरखेड्याच्या बाजूने ती माहेरी यायला निघालेली असणार, आणि तिला थांब म्हणून सांगायला कोणाला पाठवायची सोय नव्हती.

एका दुपारी पाऊस उघडला आणि ओरडा झाला. बांध्यांच्या पलीकडून दोन आकृत्या येत होत्या. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, तोंड दिसत नव्हते, हात पुढे केलेले, चाल डुलत डुलत. पुरुष काठ्या घेऊन सुताशी उभे राहिले. कोणीतरी दगड उचलले. माझी तर बोबडीच वळली होती. तरी मी पाहत राहिले, आणि एकदम पदर सावरून ओरडले, "थांबा जी! मेलेला मानूस धुऱ्याधुऱ्यानं कायले येईल? सरळ धान तुडवत येईल ना!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तेवढ्यात पुढची आकृती थांबली. तिथे धुरा फुटून पाणी वाहून जात होते. तिने एक हात पोटाला धरला आणि पायाने चिखल लोटून ते तोंड बुजवले.

"माही पोरगी आहे!" सासू किंचाळली. "दुसऱ्याच्या बांधीचं पानी वाहून गेलेलं तिले पाहवत नाई!"

नणंद आणि तिचा नवराच होते ते. वाटेतले प्रत्येक गाव बांधलेले, रस्ता कोणीच देईना, म्हणून दोघे शेतांतून पडत झडत आले होते. निसरड्या धुऱ्यावर तोल राहावा म्हणून हात पुढे. ज्या चिखलाचा आम्हाला एवढा आधार वाटत होता, त्याने तिचाच जीव घेतला असता. ती सुतापाशी आली आणि मटकन खाली बसली. कळा सुरू झाल्या होत्या.

सूत ओलांडायला कोणी धजेना. सासरे सगळ्यांसमोर रडत होते. सासूने लुगडे वर खोचले आणि सूत ओलांडून गेली. मी घरात पळाले, विळा आणि जुने धुवट लुगडे घेतले आणि तिच्यामागे निघाले.

"बाई, मंग परत येता येनार नाई," भुमक हळूच म्हणाला.

"मालूम आहे, भाऊ," मी म्हणाले. आणि सूत ओलांडले.

शिवेबाहेर राखणीची एक खोपडी, गवताची झोपडी, होती. तिथे दिवस मावळायच्या आत पोरगी झाली. अशी रडली की काठ्या धरून उभे असलेले सगळे हसायलाच लागले. मलाही रडू आणि हसू एकदमच आले.

मग भुमकाने खुंट्या उपटल्या. कोणाकडे न पाहता तो खोपडीला वळसा घालून पलीकडे गेला आणि तिथे ठोकू लागला. "माहीच चूक झाली," तो म्हणाला, "शीव इथी आहे." शीव कुठे आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. तरी वाघावरून भांडलेल्या भावांपैकी एकाने खुंटी धरली, दुसऱ्याने दगडाने ठोकली. मला तोवर गावात सगळे बाहेरची म्हणत. त्या संध्याकाळी सूत माझ्याही पलीकडून गेले.

मेलेले काही आले नाहीत. नदीने अडवले, असे पुरुष पुढे कितीतरी वर्षे सांगत. साथ सरल्यावर भुमकाने सूत सोडले, पण खुंट्या तिथेच ठेवल्या. आमची शीव अजून तिथेच आहे.